बंदूक न उचलता युद्धावर गेलेले डॉ. कोटणीस

साताऱ्या-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत भिंतीवर एक वर्दीतला फोटो असतोच. त्यामुळे पलटणीतले पंडितजी म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लढणं हे त्यांचं काम नाही, पण जिथं जवान तिथं ते. युद्धनौकांवर असे पाद्री असायचे. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये 'ओक्लाहोमा' ही अमेरिकन नौका उलटली, तेव्हा फादर अलॉयसियस श्मिट यांनी छोट्याशा खिडकीतून बारा जणांना बाहेर ढकललं आणि स्वतः आतच राहिले. वय फक्त ३२.

आपल्याकडं असं कोण होतं, हे शोधता शोधता मी सोलापूरला पोचलो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०. हे काही धर्मगुरू नव्हते, सर्जन होते. पण हातात शस्त्र न घेता, तेही दुसऱ्याच देशाच्या युद्धात गेले.

जपाननं चीनवर हल्ला केला होता. काँग्रेसनं मदतीला पाच डॉक्टर पाठवले. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीनं निघाले. तिकडं असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घर अडचणीत. परत जायला याहून मोठं कारण कुठलं? कोटणीस थांबले. पुढं पथकातले तिघं एकेक करून भारतात परतले, तेव्हाही थांबले. आमच्याकडं ऑनसाइट प्रोजेक्ट लांबला की लोक कॅलेंडर बघत बसतात, म्हणून मला त्यांच्या शौर्यापेक्षा हे थांबणंच जास्त भिडतं.

१९४० च्या एका लढाईत त्यांनी न झोपता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्याच महिन्यात इकडं 'चले जाव' पेटलं होतं. ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. तिकडं कोटणीसांना मिरगीचे झटके येत होते, तरी ऑपरेशनं आणि सर्जरीच्या पाठ्यपुस्तकाचं लेखन दोन्ही सुरूच. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय ३२. पुस्तक अर्धवट, बाळ साडेतीन महिन्यांचं.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, तो आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला नसेल. छिंगलान पुढं सोलापूरच्या माणसांना भेटायला भारतात येत राहिल्या. यिनहुआ मेडिकलला गेला होता, पण १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच, तोही वारला.

कोटणीसांचं सोलापुरातलं घर आता स्मारक आहे. मिरजेहून सांगोला, मंगळवेढामार्गे सरळ रस्ता आहे.