सिल्वासाचा मुक्काम, दमणचा किनारा : समुद्राकाठच्या जेवणाआधी जाणून घ्यावे असे काही

सिल्वासा हे दादरा व नगर हवेलीचे मुख्य शहर. २६ जानेवारी २०२० रोजी हा प्रदेश दमण व दीवशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश करण्यात आला. तेव्हापासून या चारही नावांचा उच्चार एकत्र होतो आणि सिल्वासालाही समुद्रकिनारा असावा, असा अनेक पर्यटकांचा समज होतो. प्रत्यक्षात सिल्वासाला समुद्र नाही. समुद्राकाठी बसून जेवायचे असेल, तर सुमारे तीस किलोमीटरवरील दमण गाठावे लागते आणि त्यासाठी गुजरात राज्याचा पट्टा ओलांडावा लागतो. अंतर थोडे असले, तरी वाटेतील हा पट्टा पर्यटकाला अडचणीत आणू शकतो.

नदीकाठचे सिल्वासा

सह्याद्रीत नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा मधुबन धरणातून सिल्वासाजवळून वाहते आणि दमण येथे अरबी समुद्राला मिळते. सिल्वासातील सुटीचे जेवण या पाण्याभोवतीच होते. शहरालगत नदीकाठी उपाहारगृहे व विश्रामस्थाने आहेत. आत डोंगराळ भागात साकरतोड नदीवर खानवेल आहे, तर मधुबन जलाशयाच्या काठी दुधनी हे नौकाविहाराचे ठिकाण आहे. वारली, कोकणा, धोडिया या आदिवासी समाजांच्या या मुलखात नागलीची भाकरी, तांदूळ व उडीद हे रोजचे अन्न. पर्यटकांच्या उपाहारगृहांत मात्र बहुधा गुजराती व पंजाबी पदार्थांचाच भरणा आढळतो. स्थानिक जेवणाची इच्छा असल्यास आधी सांगून ठेवणे बरे.

दमणचे दोन किनारे

दमणगंगेच्या मुखामुळे दमणचे दोन भाग पडतात. उत्तरेकडील नानी दमणमध्ये देवका किनारा आहे, दक्षिणेकडील मोटी दमणमध्ये जांपोर. देवका खडकाळ असून पोहण्यास योग्य नाही. तेथील ५.४५ किलोमीटर लांबीच्या सागरी पथाचे लोकार्पण २५ एप्रिल २०२३ रोजी झाले. जांपोरला करड्या वाळूचा सपाट किनारा व सुरूची झाडे आहेत.

गोव्याचा किनारा ओळखीचा असलेल्यांना येथे एक मोठा फरक जाणवेल. खंभातचे आखात जवळ असल्याने दमणला भरती-ओहोटीतील अंतर गोव्यापेक्षा कितीतरी अधिक असते. ओहोटीला पाणी दूरवर मागे सरते व समोर ओला चिखलमिश्रित पट्टा उरतो. भरतीला तोच पट्टा वेगाने पाण्याखाली जातो. म्हणून लाटांच्या सान्निध्यात जेवायचे असल्यास भरतीची वेळ पाहून निघावे आणि गाडी वाळूवर उतरवू नये. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, ही काळजी विशेष घ्यावी.

ताटातील मासळी

दमणच्या ताटात पापलेट, कोळंबी, सुरमई असतेच. पण या किनाऱ्याची खरी ओळख म्हणजे बोंबील. उत्तर महाराष्ट्र व दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर तो विपुल मिळतो. ताजा बोंबील अतिशय मऊ व पाणीदार असल्याने दूरवर नेल्यास टिकत नाही. त्यामुळे तो किनाऱ्यावरच खावा किंवा सुकवलेला घ्यावा. गोमंतकीय हुमणातील नारळ-कोकमाची चव येथे अपेक्षू नये. येथील पाककृतींवर गुजराती, पारशी व पोर्तुगीज अशा तीन परंपरांची छाप आहे. पारशांचे तीर्थक्षेत्र उदवाडा येथून जवळच आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून किमान ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात मिळणारी मोठी मासळी बहुधा शीतगृहातील असते. मासळीचा दर अनेकदा आकार व वजनावर ठरतो. तो मागणी नोंदवण्यापूर्वी विचारणे इष्ट.

ज्या वाटेसाठी खटला झाला

सिल्वासा-दमण या वाटेला मोठा इतिहास आहे. दमण १५५९ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. नगर हवेली त्यांना १७८३ मध्ये मराठ्यांकडून मिळाली. मराठा आरमाराच्या हाती गेलेल्या सांताना या जहाजाची ती भरपाई होती. पुढे १७८५ मध्ये त्यांनी दादरा घेतले. हे मुलूख चहूबाजूंनी परक्या भूमीने वेढलेले राहिले आणि दमणहून तेथे जाण्यासाठी मधला प्रदेश ओलांडणे क्रमप्राप्त झाले.

जुलै १९५४ मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केले. २ ऑगस्ट रोजी आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केले. दमणहून जाणारी पोर्तुगीज कुमक भारताने रोखली होती. याविरुद्ध पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की १९५४ मध्ये खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यासाठी पोर्तुगालला वाटेचा हक्क होता. सशस्त्र दले, पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी मात्र तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही.

आजचा प्रश्न : बाटली

आज त्या वाटेवर माणसांना कोणी अडवत नाही. प्रश्न उरतो तो मद्याचा. दमण व सिल्वासा या दोन्ही ठिकाणी मद्यविक्री कायदेशीर आहे. मधल्या गुजरातेत १९६० पासून, म्हणजे राज्याच्या स्थापनेपासून, दारूबंदी आहे. तेथे परवान्याविना मद्य जवळ बाळगणे, वाहून नेणे व पिणे गुन्हा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीसाठी दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वाहनही जप्त होऊ शकते. दमणमध्ये पावती घेऊन कायदेशीरपणे विकत घेतलेली बाटली दमणच्या हद्दीपलीकडे कायदेशीर राहत नाही. ती सिल्वासाच्या खोलीवर नेण्यासाठी आहे, हा बचाव ठरत नाही.

गोव्यात जेवणासोबत मद्य घेणे आणि उरलेले सोबत नेणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. येथे तीच सवय तुरुंगापर्यंत नेऊ शकते. देशभर वाहनचालकासाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. गुजरातेत तिच्या आत असणे पुरेसे नाही, आणि केवळ चालक मद्यापासून दूर राहिल्यानेही भागत नाही. मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत मागे बसलेला प्रवासीही कारवाईस पात्र ठरू शकतो.

म्हणून दमणच्या किनाऱ्यावर मद्यासह जेवण करायचे असल्यास त्या रात्रीचा मुक्काम दमणमध्येच ठेवावा. सिल्वासाला त्याच रात्री परतायचे असल्यास बोंबील, भरती आणि समुद्राचा वारा यांवर समाधान मानावे. बाटली रिकामी, अर्धी अथवा सीलबंद कशीही असो, ती गाडीत ठेवू नये.