राइस, जेरी ली

(१३ ऑक्टोबर १९६२ – ). अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) १९८५ ते २००४ असे वीस हंगाम तो खेळला. त्यांतले सोळा सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्स या संघाकडून. कारकिर्दीत त्याने १,५४९ झेल घेतले, त्यांवर २२,८९५ यार्ड मिळवले आणि एकूण २०८ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. हे तिन्ही विक्रम अद्याप मोडलेले नाहीत. रिसीव्हरच्या जागेवर तो सर्वश्रेष्ठ ठरतो, याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही. एनएफएलच्या इतिहासातला सर्वोत्तम खेळाडू कोण, या वादातही त्याचे नाव पहिल्या दोन-तिनांत घ्यावेच लागते.

या खेळात चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. वाइड रिसीव्हर रांगेच्या टोकाला, बाजूरेषेच्या अंगाने उभा राहतो. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा आणि जमेल तितके पुढे पळायचे, एवढेच त्याचे काम वरवर दिसते. प्रत्यक्षात चेंडू हातात येण्याआधीच त्याचे निम्मे काम झालेले असते. प्रत्येक डावपेचात त्याला धावण्याचा एक मार्ग ठरवून दिलेला असतो, त्याला ‘रूट’ म्हणतात : इतकी पावले सरळ, मग आत किंवा बाहेर वळण. समोरच्या कॉर्नरबॅकला, म्हणजे त्याला रोखणाऱ्या बचावपटूला, हे वळण आधी कळता कामा नये. क्वार्टरबॅकला मात्र ते डोळे मिटून ठाऊक हवे, कारण रिसीव्हर वळण्याच्या आधीच चेंडू त्याच्या हातून सुटलेला असतो. एक पाऊल कमी-जास्त पडले तर चेंडू रिकाम्या जागी जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. राइसचे मोठेपण या पावलांच्या नेमकेपणात आहे.

राइसचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिल येथला. बालपण जवळच्या क्रॉफर्ड या खेड्यात गेले. वडील जो नॅथन राइस गवंडी होते. आठ भावंडांचे कुटुंब. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले वडिलांच्या हाताखाली कामाला जात. जेरी परांचीवर उभा राही आणि खालून भाऊ त्याच्याकडे विटा फेकत, पुष्कळदा एकावर एक ठेवलेल्या चार-चार विटा एकदम. वर येता येता त्या एकमेकींपासून सुटत, एक इकडे तर एक तिकडे जाई, आणि त्या सगळ्या पकडाव्या लागत. त्याचे तळहात मोठे आणि बोटे लांब होती. दक्षिणेच्या उन्हात दिवसभर हे काम केल्यावर त्या हातांना झेलण्याचे वळण लागले ते कायमचे. राइसने पुढे अनेकदा सांगितले आहे की वडिलांच्या कामावर त्याला सगळ्यांत जास्त काही मिळाले असेल तर ती कष्टाची सवय. त्याचा सरावाचा इतिहास पाहिला की हे शब्दशः पटते.

फुटबॉलकडे तो वळला तो मात्र अपघाताने. शाळेत वर्ग बुडवून तो बाहेर रेंगाळत असताना उपमुख्याध्यापक मागून आले. त्यांची चाहूल लागताच पोरगा असा सुसाट पळाला, की त्यांनी शिक्षा तर केलीच, शिवाय फुटबॉलच्या प्रशिक्षकांच्या कानावरही घातले. आईला हा धसमुसळा खेळ पसंत नव्हता, पण मुलाने हट्ट सोडला नाही.

मोठ्या विद्यापीठांनी या खेड्यातल्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो इट्टा बेना या छोट्या गावातल्या मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात गेला. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थांपैकी ही एक. तिथले प्रशिक्षक आर्ची कूली यांनी त्या काळी धाडसी वाटावी अशी पद्धत बसवली होती : तीन-चार रिसीव्हर एकाच बाजूला उभे करायचे आणि जवळजवळ प्रत्येक चाल पासची करायची. क्वार्टरबॅक होता विली टॉटन. १९८४च्या हंगामात या संघाने सामन्यामागे सरासरी साठाहून अधिक गुण केले आणि एकट्या राइसने २७ टचडाउन पास झेलले. त्याच्या टप्प्यात येईल ते तो झेलतो, म्हणून सहकारी त्याला ‘वर्ल्ड’ म्हणत. तरी व्यावसायिक संघांचे निवडकर्ते साशंक होते. प्रतिस्पर्धी संघ दुबळे, आणि ४० यार्डांच्या शर्यतीत त्याची वेळ इतर नामवंत रिसीव्हरांच्या तुलनेत फिकी.

बिल वॉल्श यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. फोर्टी-नाइनर्सचे हे प्रशिक्षक ऑक्टोबर १९८४मध्ये एका सामन्यासाठी ह्यूस्टनला उतरले होते. हॉटेलच्या खोलीत रात्री दूरचित्रवाणीवर त्यांनी राइसच्या खेळाची क्षणचित्रे पाहिली आणि हा मुलगा त्यांच्या मनात भरला. त्यांचा संघ नुकताच विजेता ठरल्यामुळे १९८५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्यांची पाळी शेवटची, २८ वी होती. वॉल्श यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी अदलाबदल करून १६ वी पाळी मिळवली आणि राइसला घेतले. त्याच्याआधी अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हर निवडले गेले होते.

पहिले वर्ष जड गेले. चेंडू हातून सुटत होते आणि घरच्या मैदानावर प्रेक्षक हुर्यो उडवत होते. वॉल्श यांच्या डावपेचांचा ग्रंथ जाडजूड होता. पुढे कुठे वळायचे याचा विचार करता करता झेलाकडे दुर्लक्ष होई. डिसेंबर १९८५मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने १० झेलांत २४१ यार्ड मिळवले तेव्हा कुठे त्याची भीड चेपली. पुढच्याच वर्षी १,५७० यार्ड मिळवून तो लीगमध्ये पहिला आला. पण हंगामाचा शेवट कडू झाला. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात सुरुवातीलाच तो चेंडू घेऊन मोकळ्या मैदानात सुटला; पुढे कोणी नव्हते, मागून कोणी गाठू शकत नव्हते, आणि कोणाचाही धक्का नसताना चेंडू हातातून निसटला. संघ ४९–३ असा हरला.

वॉल्श यांची पद्धत पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. लांबलचक पास फेकून नशीब अजमावण्यापेक्षा आखूड, वेळ साधून केलेले पास द्यायचे आणि झेलल्यावर धावून यार्ड कमवायचे, हे तिचे सूत्र. राइस आणि ही पद्धत एकमेकांसाठीच घडल्यासारखे होते. त्याचा हुकमी मार्ग ‘स्लँट’ : दोन-तीन पावले सरळ, मग एकदम तिरके आत. क्वार्टरबॅक जो मॉन्टॅनाचा चेंडू छातीच्या किंचित पुढे, धावण्याचा वेग मोडू न देता येई. राइस तो पळता पळता हातांनी टिपे आणि दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून निघून जाई. सहा-सात यार्डांचा पास बघता बघता साठ यार्डांचा होई. घड्याळावर त्याच्याहून वेगवान असलेल्या खेळाडूंना मैदानात तो सापडत नसे. वळताना तो वेग कमी करत नसे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण सरावात होते. सरावातला साधा पास झेलल्यावरही तो थेट गोलरेषेपर्यंत पूर्ण वेगाने धावत जाई, आणि सहकाऱ्यांनाही नाइलाजाने मग तसेच करावे लागे. हंगाम नसताना सॅन कार्लोसजवळच्या एजवूड उद्यानातल्या चढावर तो धावे. सुमारे अडीच मैलांची ही खडी वाट. शेवटचा भाग सगळ्यांत उभा. इतर संघांचे खेळाडू ‘राइसची टेकडी’ बघायला आणि चढायला येत आणि पुष्कळदा अर्ध्यावरूनच माघारी जात.

१९८७च्या हंगामाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. खेळाडूंच्या संपामुळे राइसला फक्त बाराच सामने मिळाले. तेवढ्यांत त्याने २२ टचडाउन पास झेलले. लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या माइक क्विकचे ११ होते. रँडी मॉसने २००७मध्ये २३ झेलून हा विक्रम मोडला खरा, पण त्याला सोळा सामने लागले. माझ्या मते राइसचा सर्वांत थक्क करणारा आकडा हाच. त्या वर्षी बाद फेरीत मिनेसोटा व्हायकिंग्जने मात्र त्याला तीन झेलांवर रोखून संघाला घरी पाठवले.

पुढच्या हंगामात त्याची भरपाई झाली. २२ जानेवारी १९८९ रोजी मायामीत झालेल्या तेविसाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, गाठ सिनसिनाटी बेंगल्सशी होती. चौथ्या सत्राच्या प्रारंभी राइसने बाजूरेषेलगत चेंडू झेलला आणि बाहेर ढकलला जाता जाता हात लांबवून तो गोलरेषेच्या पलीकडे नेला, बरोबरी झाली. नंतर बेंगल्स तीन गुणांनी पुढे गेले. तीन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ उरला होता आणि चेंडू फोर्टी-नाइनर्सच्या स्वतःच्या ८ यार्ड रेषेवर होता, म्हणजे ९२ यार्ड जायचे होते. एका दंडामुळे मध्येच दुसऱ्या प्रयत्नात २० यार्ड हवे अशी अडचण उभी राहिली. मॉन्टॅनाने मैदानाच्या मधोमध राइसला गाठले. बचावपटूंच्या गराड्यातून वाट काढत त्याने २७ यार्ड मिळवले. शेवटच्या चालीत सगळ्यांची नजर राइसवर खिळलेली असताना जॉन टेलरने विजयी टचडाउन झेलला. घड्याळात ३४ सेकंद होते. संघ २०–१६ असा जिंकला, ११ झेल आणि २१५ यार्ड मिळवणारा राइस सामन्याचा मानकरी ठरला.

एका वर्षाने सुपर बोलमध्ये डेन्व्हर ब्राँकोजचा ५५–१० असा फडशा पडला, त्यात त्याचे तीन टचडाउन होते. मॉन्टॅनानंतर डावखुरा स्टीव्ह यंग आला. डावखुऱ्याने फेकलेला चेंडू उलट्या दिशेने फिरत येतो. राइसने हातांना ती सवय लावून घेतली आणि मॉन्टॅनापेक्षाही जास्त टचडाउन यंगच्या जोडीने केले. सप्टेंबर १९९४मध्ये लॉस एंजेलिस रेडर्सविरुद्ध तीन टचडाउन करून त्याने जिम ब्राउनचा १२६ टचडाउनचा जुना विक्रम मागे टाकला. त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलमध्ये सॅन डिएगो चार्जर्सवरच्या ४९–२६ या विजयात त्याने पुन्हा तीन टचडाउन केले, तेही खांदा निखळल्याच्या वेदनेत. १९९५मध्ये, तेहतिशीला पोहोचताना, त्याने १२२ झेल आणि १,८४८ यार्ड नोंदवले. यार्डांचा तो विक्रम २०१२पर्यंत, कॅल्विन जॉन्सन येईपर्यंत टिकला.

बारा हंगामांत तो एकाही सामन्याला मुकला नव्हता, अपवाद फक्त संपाच्या दिवसांचा. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी टॅम्पा येथे वॉरन सॅपने त्याला हेल्मेटची जाळी धरून खाली खेचले आणि डाव्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. अशा दुखापतीनंतर त्या हंगामाचा विचार कोणी करत नाही. राइस साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला, मैदानावर परतला. त्या रात्री मॉन्टॅनाचा १६ क्रमांकाचा गणवेश समारंभाने निवृत्त होत होता. राइसने टचडाउन झेलला, आणि त्याच झेलात पडताना गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. हा घाईचा निर्णय चुकीचा होता, असेच म्हणावे लागेल. तरी १९९८मध्ये तो परतला आणि १,१५७ यार्ड मिळवले.

२०००च्या हंगामानंतर संघाने त्याला सोडले. खाडीपलीकडच्या ओकलंड रेडर्सने घेतले. तिथे चाळिशीत, २००२मध्ये, त्याने ९२ झेल आणि १,२११ यार्ड मिळवून संघाला सुपर बोलपर्यंत नेण्यात हातभार लावला. तो सामना टॅम्पा बे बकानिअर्सने ४८–२१ असा जिंकला; राइसने ४८ यार्डांचा टचडाउन केला. सलग २७४ सामन्यांत किमान एक झेल ही त्याची मालिका सप्टेंबर २००४मध्ये बफेलोविरुद्ध तुटली. त्यानंतर सिएटलमध्ये काही महिने, पुढे डेन्व्हरच्या शिबिरात काही आठवडे, आणि सप्टेंबर २००५मध्ये निवृत्ती. २००६मध्ये फोर्टी-नाइनर्सने त्याच्याशी प्रतीकात्मक करार केला, त्याची रक्कम होती १९,८५,८०६ डॉलर ४९ सेंट : निवडीचे वर्ष १९८५, गणवेशाचा क्रमांक ८०, फोर्टी-नाइनर्सचा खेळाडू म्हणून औपचारिक निवृत्तीच्या २००६ या वर्षातला ६ आणि संघाच्या नावातले ४९. प्रत्यक्षात पैसे दिले गेले नाहीत.

त्याच्यानंतर यार्डांत दुसऱ्या स्थानी असलेला लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२वर थांबला. नियम बदलल्यामुळे आज पास फेकणे राइसच्या काळापेक्षा सोपे झाले आहे, त्यामुळे पाच हजारांहून मोठे हे अंतर अधिकच डोळ्यांत भरते.

२०१५मध्ये एक कबुली पुढे आली. आपण हातमोज्यांवर चिकट द्रव्य फवारत असू, असे राइसने स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितले. लीगने त्यावर १९८१पासून बंदी घातलेली आहे. त्या काळी सगळेच ते वापरत, असा खुलासा त्याने नंतर केला. अशा फवाऱ्याने चेंडू हातून सुटण्याचे प्रमाण घटत असेल; बचावपटूला मागे टाकणारे वळण त्यातून येत नाही. तरी नियम मोडला तो मोडलाच, आणि ही बाब नोंदीतून वगळणे बरोबर होणार नाही.

२०१०मध्ये त्याचा समावेश ओहायोतल्या कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये झाला. तिथल्या भाषणात त्याने सांगितले की अपयशाच्या भीतीनेच आपल्याला पळवत ठेवले, आणि या प्रवासाचा आनंद घ्यायला थांबलो नाही याची खंत वाटते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोर्टी-नाइनर्सने ८० हा क्रमांक निवृत्त केला. मुलगा ब्रेंडन राइस हाही वाइड रिसीव्हर. २०२४च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सने त्याला निवडले. इट्टा बेना येथे टॉटन आणि राइस जिथे खेळले, त्या विद्यापीठाच्या मैदानाला आता राइस–टॉटन स्टेडियम असे नाव आहे.