क्वासारांचे अंतरंग आणि ताऱ्यांचे भिंग

एखादा तारा आपल्यामागील ताऱ्याचा प्रकाश भिंगाप्रमाणे वाकवील, असे आइन्स्टाइन यांनी १९३६ साली रुडी मांड्ल या अभियंत्याच्या आग्रहावरून एका लहानशा टिपणात मांडले. मात्र हा आविष्कार प्रत्यक्ष पाहावयास मिळण्याची आशा नाही, असेही त्यांनी तेथेच नमूद केले. पुढील वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी समग्र दीर्घिकाच भिंग मानल्यास तो सापडणे शक्य असल्याचे प्रतिपादिले. क्वासारांच्या अभ्यासात या दोन्ही कल्पना एकत्र आल्या.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ ची ताम्रच्युती ओळखली, आणि क्वासार अतिदूर व अतितेजस्वी असल्याचे दिसून आले. परंतु त्यांचा तेजोमय गाभा दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीस बिंदुवतच दिसे. १९७९ साली वॉल्श, कार्सवेल व वायमन यांना ०९५७+५६१ या एकाच क्वासाराच्या दोन प्रतिमा आढळल्या. त्याच वर्षी चँग व रेफ्सडाल यांनी दाखविले की, भिंगरूप दीर्घिकेतील एकटा ताराही एखाद्या प्रतिमेची दीप्ती बदलू शकेल.

तथापि क्वासार स्वतःही कमीअधिक तेजस्वी होत असतो. मग बदल ताऱ्याचा की क्वासाराचा, हे कसे ठरवावे? ह्यूक्रा व सहकाऱ्यांनी १९८५ साली शोधलेला २२३७+०३०५, म्हणजेच ‘आइन्स्टाइन क्रूस’, येथे निर्णायक ठरला. त्याच्या चारही प्रतिमांचा प्रकाश जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो. म्हणून क्वासाराचा स्वतःचा बदल सर्व प्रतिमांत दिसला पाहिजे. आयर्विन प्रभृतींनी १९८९ साली एकच प्रतिमा स्वतंत्रपणे उजळल्याचे प्रसिद्ध केले. हा बदल ताऱ्यांचाच होय.

येथून मापनाचा मार्ग खुला झाला. उगम जितका लहान, तितका हा चढउतार तीव्र. उगम मोठा असेल तर तो मंदावतो. क्ष-किरणांतील चढउतार दृश्य प्रकाशाहून तीव्र आढळले, यावरून क्ष-किरणांचा उगम कृष्णविवराच्या अधिक निकट असल्याचे अनुमान निघाले. मॉर्गन व सहकाऱ्यांनी २०१० साली अकरा क्वासारांच्या अभ्यासातून तप्त वायूच्या चकतीचा आकार कृष्णविवराच्या वस्तुमानाबरोबर वाढतो असे दाखविले. परंतु दृश्य दीप्तीवरून शाकुरा व सुन्याएव्ह यांच्या १९७३ च्या सिद्धान्तानुसार काढलेल्या आकारापेक्षा मोजलेला आकार मोठा भरला. सबब चकतीचा तो सिद्धान्त अपुरा आहे काय, हा प्रश्न या मापनाने अभ्यासकांपुढे उभा केला आहे.