दोन जेवणांमधला वडापाव

परवा रक्ततपासणीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. जरा जपा." घरी आल्याबरोबर लेकीने फर्मान काढलं, "बाबा, आजपासून वडापाव बंद!"

बंद? लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला? चिडचिड झाली, बायकोने कोरा चहा पुढे ठेवला, तो मुकाट प्यालो. मग शांत झाल्यावर वाटलं, आमच्या लहानपणी आख्खं गिरणगाव वडापाव खायचं, तेव्हा तो कुणाला बंद करावा लागत नव्हता. असं का?

तर मंडळी, थोडा इतिहास.

मुंबईचा म्हणून मिरवणाऱ्या या पदार्थातलं निम्मं सामान बाहेरचं. बटाटा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांचेच. आपलं म्हणावं ते बेसन, हळद, कढीपत्ता आणि हे सगळं एकत्र आणायची अक्कल.

ती अक्कल सुचायला गिरण्या कारणीभूत झाल्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत गेली. बायकामुलं गावी, बाप्ये इथे. एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे खानावळीत. खानावळ म्हणजे कुणा बाईचं स्वतःचं स्वयंपाकघर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

माझी आईही खानावळवालीच. सहा गडी आमच्याकडे जेवायचे. भाकरी, आमटी, भाजी, भात, आणि परवडेल तेव्हा सुकट. बाबा साचेखात्यात. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आई तवा ठेवायची.

वडापाव आला तो या दिनक्रमात. बटाटेवडा आधीपासून होताच. तो पावात घालून विकायची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी केली, असं साधारणपणे मानलं जातं. बशी नको, चमचा नको, बसायला जागा नको. पाळीला निघालेला किंवा पाळीवरून सुटलेला माणूस चालता चालता खाऊ शकतो. सोयीचं खाणं म्हणतात ते हेच.

पण एक गोष्ट आपण विसरतो. तो जेवण नव्हता. गिरणी आणि खानावळ यांच्यामधली भूक त्याने भागायची. आठ तास साच्यांवर उभा राहिलेला गडी एक वडापाव खायचा, घरापर्यंत पायी यायचा आणि तरी दोन भाकऱ्या हाणायचा. कुणी दोन वडे खाऊन आला आणि ताटात भाकरी टाकली, की आई त्याला सगळ्यांदेखत झापायची, "वड्यावर जगणार असशील तर खानावळीचे पैसे कशाला भरतोस रे?" आम्हा पोरांना तर पगाराच्या दिवशी, माणशी एक. कागदाला लागलेली चटणीसुद्धा चाटून पुसून!

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. सुरुवातीला वाटलं, महिना दोन महिन्यांत मिटेल. मिटला नाही. रीतसर मागे घेतल्याची घोषणाही कधी झाली नाही. आईचे सहाही गडी एकेक करून गावी गेले, खानावळ बंद पडली. आई आम्हाला घेऊन गावी आली. बाबा एकटे चाळीत राहिले, गिरणी उघडेल या आशेवर.

त्या काळात गिरणगावात वड्याच्या गाड्या वाढल्या. बेकार झालेल्या कामगारांनीच त्यातल्या कितीतरी टाकल्या होत्या. बाबांचे एक जोडीदार त्यांतलेच. ते संध्याकाळी उरलेला वडापाव बाबांना द्यायचे, पैसे न घेता. कित्येक दिवस बाबांचं रात्रीचं जेवण तेवढंच. हे त्यांनी मला सांगितलं ते मी नोकरीला लागल्यावर, पहिल्या पगाराचे वडे घेऊन आलो तेव्हा. त्यांनी एक वडा हातात घेतला, अर्धा खाल्ला, आणि म्हणाले, "आधी जेवण वाढ म्हणावं आईला. हा वरून बरा लागतो."

तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतंय. बाबांना वडापावाचा राग नव्हता. त्याला जेवणाची जागा घ्यावी लागली, त्याचं दुःख होतं.

आणि मी काय करतो? खुर्चीवर दिवस काढतो, मीटिंग लांबली की जेवणाऐवजी दोन वडापाव मागवतो आणि रात्री घरी पुन्हा पोटभर जेवतो. पाळी नाही, पायपीट नाही. बाबांच्या वेळी माप खिशाने आणि कष्टाने घालून दिलेलं होतं. माझं मला घालावं लागणार.

लेकीशी तह झालाय. शनिवारी संध्याकाळी, एक. तोही लालबागला जाऊन, स्टेशनपासून पायी, आणि उभ्याने खायचा. घरी आल्यावर भाकरी-भाजी आहेच. पहिल्या शनिवारी तीही आली होती. अर्धा माझ्यातला खाल्ला तिने!

असो. आत्या, हे वाचून फोन करशीलच. साखर काठावरच आहे, काळजी नको.