चप्पल पायातून सारखी निसटतेय? ‘शार्को-मारी-टूथ’ हा आनुवंशिक आजार समजून घ्या

सपाट रस्त्यावरही पाय अडखळतो. घोटा वारंवार मुरगळतो. चप्पल पायातून निसटते आणि ते लगेच कळतही नाही. घरात सांगितलं तर उत्तर मिळतं, “तुझ्या आजोबांचे पायही असेच होते!”

हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांसाठी तोच सर्वांत मोठा धागा ठरू शकतो. कारण यामागे शार्को-मारी-टूथ, म्हणजेच सीएमटी हा नसांचा आनुवंशिक आजार असू शकतो. साधारण २५०० माणसांमध्ये एकाला तो होतो.

नावात ‘टूथ’ का?

दातांशी याचा काहीही संबंध नाही. १८८६ मध्ये फ्रान्सचे शार्को व मारी आणि इंग्लंडचे टूथ या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. त्यांचीच नावं त्याला मिळाली.

शरीरात नेमकं काय होतं?

नस म्हणजे विजेची वायर समजा. आत तार, वर मायलिनचं वेष्टण. सीएमटीच्या काही प्रकारांत वेष्टण खराब होतं, काहींत तारच झिजते. मग स्नायूंपर्यंत संदेश नीट पोहोचत नाहीत. सर्वांत लांब नसा पावलांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. पावलाची कमान उंच होते, बोटं वाकतात, पोटऱ्या बारीक होतात. पुढे हातांची ताकद कमी होऊन शर्टाचं बटण लावणंही अवघड जातं.

मुलांना होतोच का?

ते प्रकारावर अवलंबून आहे. सर्वाधिक आढळणाऱ्या १ए प्रकारात पीएमपी२२ या जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. १९९१ मध्ये हे कारण सापडलं. यात प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, आजार मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

काही प्रकारांत आईवडील दोघेही ठणठणीत असतात, पण दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते. तेव्हा प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो. मामाची मुलगी करण्यासारख्या नात्यातल्या लग्नांत हा धोका वाढतो. कधीकधी मात्र घरात कुणालाच नसताना जनुकात नव्यानं बदल होऊनही आजार होतो.

मग तपासणी कशासाठी?

मधुमेह, बी१२ची कमतरता आणि कुष्ठरोग यांतही पाय बधिर होतात किंवा अशक्त पडतात. त्यांवर औषधं आहेत आणि उशीर महागात पडतो. म्हणून घरीच निदान करू नका, न्यूरोलॉजिस्टना दाखवा. नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही चाचणी आणि गरजेनुसार जनुक चाचणी यांतून चित्र स्पष्ट होतं.

आणखी एक महत्त्वाचं कारण आहे. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध सीएमटी असलेल्यांची अवस्था अचानक बिघडवू शकतं. त्यामुळे कोणत्याही उपचाराआधी डॉक्टरांना हा आजार सांगायलाच हवा.

उपचार आहेत का?

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण फिजिओथेरपी, घोट्याला आधार देणारा स्प्लिंट, योग्य बूट आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी चालणं बरंच सुधारतं. बहुतेकांचं आयुर्मान इतरांइतकंच असतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना एक माहिती सोबत न्या: घरात आणखी कुणाकुणाचे पाय ‘असेच’ आहेत?