रांगेतले पहिले

बर्लिन, रविवार, 26 सप्टेंबर 2021. त्या एका दिवसात शहराला चार मतदानं उरकायची होती: जर्मनीची संसद, बर्लिन राज्याचं विधिमंडळ, बारा प्रभागांच्या परिषदा आणि बड्या घरमालक कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करावीत का, यावरचं सार्वमत. एका मतदाराच्या हाती पाच मतपत्रिका आणि सहा फुल्या.

मतदानाआधी. अनर्थ गठ्ठ्यांमध्ये बांधून तयार होता. फ्रीडरिख्सहाइन-क्रॉइत्सबेर्ग आणि शार्लोटेनबुर्ग-विल्मर्सडोर्फ या दोन प्रभागांतल्या काही मतपत्रिकांची अदलाबदल झाली होती. काही केंद्रांना मतदारांच्या मानानं फारच थोड्या मतपत्रिका दिल्या होत्या. शहरात साठा होता, पण तो केंद्रांवर पोहोचवलेला नव्हता.

सकाळी 8. सव्वादोन हजारांवर केंद्रं उघडली. गर्दी टाळायला लवकर आलेले, कामावर जाण्याआधी मत टाकून मोकळे होऊ पाहणारे लोक आत शिरले. माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं ते याच लोकांकडे. अदलाबदल झालेल्या मतपत्रिका होत्या विधिमंडळाच्या दुसऱ्या मताच्या, म्हणजे पक्षाच्या यादीला द्यायच्या मताच्या. काही पक्षांच्या याद्या प्रभागवार असतात, त्यामुळे मतपत्रिकेवर पक्षांची नावं ओळखीचीच दिसतात, बदलतात ती उमेदवारांची. आपल्या पक्षासमोर फुली मारणारा माणूस खालची बारीक नावं कशाला वाचत बसेल? त्यानं मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकली आणि घरी गेला.

पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की ही मतपत्रिका आपल्या प्रभागाची नाही. तिथून पुढच्या मतदाराला निदान तक्रार करता आली, थांबता आलं, योग्य मतपत्रिका मागता आली. आधी येऊन गेलेल्यांसाठी मात्र काहीच करता येत नव्हतं. मत गुप्त असतं, पेटीतली कोणती मतपत्रिका कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही आणि तसंच असलं पाहिजे. पण म्हणूनच चुकीच्या मतपत्रिकेवरचं मत बाद झालं, तरी ज्याचं ते मत त्याला बोलावून दुसरी मतपत्रिका देता येत नाही. जो वेळेवर आला, ज्यानं नियम पाळला, त्याच्याच वाट्याला हे यावं, हा मला त्या दिवसातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

सव्वानऊ. बर्लिन मॅरेथॉन सुटली. सुमारे 25 हजार धावपटू आणि शहराच्या मध्यातून जाणारे बंद रस्ते. तारीख फार आधीपासून ठाऊक होती. चार मतदानांच्या दिवशी शहराचे मुख्य रस्ते अडवू द्यायचे, हा निर्णय शुद्धीवर असलेल्या प्रशासनानं घ्यायला नको होता.

दुपार. मतपत्रिका संपू लागल्या. जादा गठ्ठे घेऊन निघालेल्या गाड्यांना बंद रस्त्यांचे वळसे पडले. काही केंद्रांनी मतदान थांबवलं, काही ठिकाणी मतपत्रिकांच्या चक्क छायाप्रती काढून वाटल्या गेल्या. मतदान कक्षही अपुरे होते. पाच मतपत्रिका वाचून सहा फुल्या मारायला माणसाला किती वेळ लागेल, याचा हिशेबच कच्चा होता. रांगा फुटपाथवर लांबत गेल्या. लेकरं घेऊन आलेले, वयस्कर माणसं ताटकळली आणि कित्येक जण मत न देताच परतले.

संध्याकाळी 6. मतदानाची वेळ संपली. रांगेत असलेल्यांना मत देता येतं, तो त्यांचा हक्कच. पण त्याच क्षणी दूरचित्रवाणीवर निकालांचे पहिले अंदाज झळकले. रांगेतल्या माणसाच्या खिशात फोन होता. देश कुठे झुकतोय हे कळल्यावर तो फुली मारायला आत गेला. काही केंद्रांवर हे रात्री आठनंतरही चाललं होतं.

तीन दिवसांनी. राज्याच्या निवडणूक प्रमुख पेट्रा मिखाएलिस यांनी पद सोडण्याची तयारी जाहीर केली.

16 नोव्हेंबर 2022. बर्लिनच्या घटनात्मक न्यायालयानं विधिमंडळाची आणि प्रभाग परिषदांची निवडणूक संपूर्ण रद्द ठरवली. 12 फेब्रुवारी 2023 ला शहर पुन्हा मतदानाला गेलं. या वेळी ख्रिश्चन डेमोक्रॅट पहिले आले आणि महापौरपद सोशल डेमोक्रॅट फ्रान्झिस्का गिफाय यांच्याकडून काय वेग्नर यांच्याकडे गेलं.

19 डिसेंबर 2023. संसदेच्या मतदानाबाबत कार्ल्सरूहच्या संघीय घटनात्मक न्यायालयानं 2,256 पैकी 455 मतदान क्षेत्रांत फेरमतदानाचा आदेश दिला. ते 11 फेब्रुवारी 2024 ला झालं. उमेदवार 2021 चेच, मतदारयादी मात्र नवी. मधल्या काळात अठरा पूर्ण केलेल्यांना त्यामुळे मत मिळालं. जे त्या सकाळी आठ वाजता रांगेत उभे राहिले होते आणि नंतर दुसऱ्या शहरात राहायला गेले, त्यांचं त्या 455 क्षेत्रांतलं जुनं मत रद्द झालं आणि नवं देण्यासाठी त्यांचं नाव त्या यादीत उरलं नव्हतं.