पहिले वीस दिवस

१८४९ साली लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञानं काचेच्या एका मोठ्या भांड्यात पाणी भरलं. भांडं १२ गॅलनचं, म्हणजे साधारण ५५ लिटरचं. तळाशी वाळू-दगड, त्यात व्हॅलिस्नेरियाची रोपं (लांब पट्टीसारख्या पानांची ही पाणवनस्पती आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही वाढते) आणि दोन गोल्डफिश. काही दिवसांनी जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवं शेवाळ चढलं. वॉरिंग्टननं तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं-नासकं खाऊन टाकलं, पाणी निवळलं, मासे जगले.

मार्च १८५०मध्ये त्यानं हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, झाडं तो घेऊन ऑक्सिजन देतात, गोगलगायी साफसफाई करतात. घेणं-देणं बरोबर. इंग्लंडमधला काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं खास घर उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकानं ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला, आणि दिवाणखान्यात मासे पाळायचं खूळ पसरलं.

वॉरिंग्टनचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. मासा कल्ल्यांमधून आणखी एक गोष्ट सतत पाण्यात सोडत असतो: अमोनिया. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. ५५ लिटरमध्ये दोनच मासे आणि भरपूर झाडं असल्यामुळे वॉरिंग्टनचं निभावलं. झाडं अमोनियाही शोषून घेतात. पण वाळूच्या कणाकणावर आणखी कुणीतरी राबत होतं, आणि त्याचा पत्ता लागेपर्यंत वॉरिंग्टन जिवंत राहिला नाही. तो १८६७ साली गेला.

पत्ता लागला तो सांडपाण्यात. १८७७ साली श्लोसिंग आणि म्यून्त्स या दोन फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडीनं भरलेल्या लांब नळीतून गटाराचं पाणी हळूहळू पाझरवलं. पहिले २० दिवस काहीच घडलं नाही, वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया गायब व्हायला लागला. ही नुसती रासायनिक क्रिया असती, तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा काम थांबलं. नंतर बागेतली माती घोळवलेलं पाणी ओतलं, तर पुन्हा सुरू झालं. म्हणजे नळीत कुणीतरी जिवंत होतं, आणि त्याला वाढायला वेळ लागत होता.

इथे गोष्टीत दुसरा रॉबर्ट वॉरिंग्टन येतो. पहिल्याचा मुलगा, नावही तेच. वडिलांच्याच प्रयोगशाळेत शिकलेला हा धाकटा रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होता. शेतकऱ्याच्या दृष्टीनं नायट्रेट म्हणजे खत, म्हणून त्याला या अदृश्य कामगारांमध्ये रस. वर्षानुवर्षं चिकाटीनं प्रयोग करून त्यानं दाखवलं, की हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळे जीव ते करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ते जीवाणू वेगळे काढायला मात्र त्याला जमलं नाही, ते यश १८९०मध्ये झुरिकला विनोग्राडस्कीनं मिळवलं. वडिलांनी टाकी मांडली, मुलानं (शेतातल्या मातीसाठी का होईना) ती कशी चालते ते शोधलं. विज्ञानाच्या इतिहासातली माझी ही फार आवडती जोडी आहे, आणि दोघांची नावं एकच असल्यामुळे लोक त्यांना एकच माणूस समजतात याचं मला वाईट वाटतं.

आमच्या सोसायटीत माझ्याकडे पाणी तपासायचं किट आहे हे सगळ्यांना ठाऊक झालंय. गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा फोनमध्ये व्हिडिओ घेऊन आला. चार गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, पर अंगाला चिकटलेले. “काका, दुकानदारानं निळं औषध दिलंय. किती थेंब टाकू?” मी विचारलं, टाकी कधी आणली? तो म्हणाला, बारा दिवस झाले.

निदानाची सुरुवात या तारखेपासून करायची. टाकी आणल्यापासूनच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत मासे आजारी पडले, तर आधी संशय पाण्यावर घ्यावा, कारण जीवाणूंची वस्ती अजून बसलेली नसते. धापा, सुस्ती, लालबुंद कल्ले ही अमोनियाची लक्षणं, पण दुसऱ्या डझनभर आजारांतही मासा असाच दिसतो. पाहून कळत नाही, पाणी तपासून कळतं. त्याच्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चढलेले होते. नायट्राइट तर फसवं विष आहे. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. यावर साधं मीठ चालतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतं. दहा लिटरला चहाचा अर्धा चमचा पुरतो.

आता ते निळं औषध. मिथिलिन ब्लू हा रंग १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारोनं तयार केला तो कापडासाठी. १८९१मध्ये एर्लिश आणि गुटमान यांनी तो मलेरियाच्या रुग्णांना दिला, आणि पुढे तो माशांच्या दुकानात पोचला. बुरशीवर तो चांगला आहे. पण नव्या टाकीत टाकला, तर ज्या जीवाणूंची आपण वाट बघतोय त्यांनाच तो मारतो. श्लोसिंग-म्यून्त्सच्या नळीतला क्लोरोफॉर्मच म्हणा ना! म्हणून हे औषध वेगळ्या बादलीत वापरायचं, मुख्य टाकीत नाही.

मुलाला मी औषध बंद करायला सांगितलं. खाणं दोन दिवस बंद, रोज पाव ते तृतीयांश पाणी बदल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवूनच. आणि माझ्या जुन्या फिल्टरमधला मळकट स्पंज कापून अर्धा तुकडा दिला. बागेतल्या मातीचं पाणी ओतावं तसंच हे. त्याच्या आईला तो घाणेरडा तुकडा स्वच्छ टाकीत टाकायची कल्पना अजिबात पटली नव्हती. नळाखाली धुऊ तरी, असं त्या म्हणत होत्या. धुतला असता तर क्लोरीननं सगळी वस्ती मेली असती. चारपैकी तीन मासे वाचले.

अर्थात सगळंच पाण्यावर ढकलून चालत नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील आणि मासा दगडांवर अंग घासत असेल, तर तो परजीवी. त्याचं वर्णन फ्रान्समध्ये फूकेनं १८७६ सालीच केलं होतं. कातडीखाली असताना त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही. तो पिकून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहतात त्या एक-दोन दिवसांतच मरतात. ठिपके गेले म्हणून औषध थांबवणारे इथेच फसतात. खरी लढाई ठिपके दिसेनासे झाल्यावर असते.

धाकट्या वॉरिंग्टनचा दोन टप्प्यांचा हिशेबही शेवटी अपुरा निघाला. गोड्या पाण्यातल्या टाक्यांमध्ये नायट्राइटचं काम विनोग्राडस्कीचा नायट्रोबॅक्टर नाही, तर नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८मध्ये अमेरिकेत दिसलं. आणि २०१५मध्ये दोन टप्पे एकट्यानंच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. दोन वेगळ्या गटांनी तो शोधला. त्यांपैकी एकाला तो मिळाला मासे वाढवायच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये.